पट्टा पडायच्या आधी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि उसाच्या ट्रॅक्टरवर बसल्याची कल्पना करा. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, आणि पारगावच्या कारखान्याचं फाटक अजून लांब. दोन हजार एक साल. शनिवारची सकाळची शाळा सुटताच सहावीतली हर्षाली वडिलांची भाकरी घेऊन तिथे आली होती.

तिचे वडील गोरख ऊसवाहतूक करायचे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण वाहतुकीच्या कमाईवर आहे. गोरखनी तो कधी बुडवला नाही. मात्र रीत अंगात मुरलेली: कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की डिझेलवाल्यापासून मुकादमापर्यंत साऱ्यांचा हिशेब एकदम. मागच्या वर्षीचा करही त्यांनी तसाच मे महिन्यात भरला. सरकारला तो वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी हवा होता. वर व्याज बसलं आणि हर्षालीची सायकल राहिली. तेव्हापासून हप्त्यांच्या तारखा तिला पाठ होत्या.

"आबा, आज पंधरा डिसेंबर. शेवटचा दिवस."

"पट्टा पडू दे, समदं एकदम भरतो."

"उसाला समद्या पाळ्यांचं पाणी मार्चात एकदम दिलं तर चालंल का?"

गोरख भाकरी मोडता मोडता थांबले. "वाळून जाईल की."

"मग?"

मागच्या ट्रॅक्टरवरचा हौशीराम हसला. "गोरखभाऊ, पोरगी वकील व्हणार राव."

"पैसे खिशात हायेत," गोरख म्हणाले, "पण बँक मंचरला, अन् बाराला बंद. मी गेलो अन् लाइन सरकली तर मागचे पुढं घुसतील. आपला नंबर गेला."

"तुमी जावा. नंबर मी धरते."

"धर की," हौशीराम म्हणाला. "लाइन हलली की ट्रॅक्टर ढकलशील, नाय का?"

गोरखनी लेकीकडे पाहिलं. मग चावी तिच्या हातात दिली आणि फाट्यावरची जीप गाठायला झपाझप निघाले.

जीप गेली न गेली तोच लाइन सरकली. मागून हॉर्न वाजू लागले. हौशीरामने बाजूने काढायला चाक वळवलं.

हर्षाली खाली उतरली, त्याच्यापाशी गेली आणि चावी पुढे केली. "काका, मला चालवाय येत न्हाई. आधी आमचा पुढं घ्या, मग तुमचा."

हौशीरामने डोकं खाजवलं आणि चावी घेतली.

तो उतरेपर्यंत मधे कुणी शिरू नये म्हणून हर्षाली पुढच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली.