पोटातून फ्रीजरमध्ये आणि परत

मी एक जुना जिवाणू आहे. मित्रांनो, लगेच तोंड वाकडे करू नका. तुमच्याही पोटात माझे अब्जावधी भाऊबंद राबत आहेत. आम्ही एकाचे दोन होऊन वाढतो, त्यामुळे बाप कोण आणि लेक कोण हे आम्हालाच सांगता येत नाही. म्हणून बावन्न वर्षांपूर्वी एका आईकडून तिच्या तान्ह्या बाळाच्या पोटात आलेला तो मीच, असे मी धरून चालतो.

ते बाळ पुढे लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री झाले. त्याला न पचलेला कोंडा आणि साली मी खातो आणि त्यातून त्याच्या आतड्याच्या अस्तराला अन्न पुरवतो. अस्तर धड असले की जंतू रक्तात शिरत नाहीत. पण कौतुकाचे नाव नको! नाक गळाले की हा गृहस्थ कोणाला न विचारता मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या गिळायचा. सर्दीला त्यांचे काही वाटत नसे, मरायचो आम्ही. चार दिवसांनी सर्दी आपोआप जायची आणि हा बायकोला सांगायचा, “बघ, गोळीनं काम केलं.” ऐकून माझे डोके फिरायचे.

मग त्याला रक्ताचा कर्करोग झाला. धाकट्या बहिणीचा बोन मॅरो त्याला द्यायचे ठरले. डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवले. “यात भारी अँटिबायोटिक द्यावी लागतात. पोटातले चांगले जिवाणूही जातात, मग नको ते माजतात आणि रक्तात घुसू शकतात. म्हणून तुमची शी आधीच गोठवून ठेवू आणि नंतर तुम्हालाच परत देऊ. हा उपाय अजून तपासला जातोय, खात्री देत नाही. उद्या सकाळी नमुना आणा. दुपारी दोनला औषधं सुरू.”

मिस्त्रीने लाजत लाजत डबी भरली. त्याची बायको हॉटेलातल्या खोल्या साफ करते. वास येणारी वस्तू तिच्या हातून परक्यांकडे जाणेच शक्य नव्हते. तिने डबीत दोन झाकणे फिनाईल ओतले. माझे सगेसोयरे जागच्या जागी गेले.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी डबी उघडली. “यात फिनाईल कोणी घातलं?”

“मीच. तुम्हाला घाण वाटू नये म्हणून.”

“काकू, आम्हाला तीच जिवंत हवी होती.”

तेव्हा अकरा वाजले होते. बायकोचा चेहरा उतरला. तिने मिस्त्रीला दोन पेले गरम पाणी पाजले आणि व्हरांड्यात चालवायला सुरुवात केली.

“अहो, अजून एक फेरी.”

“अगं, मी काय लिफ्ट आहे? बटण दाबलं की खाली?”

आत मी जीव मुठीत धरून होतो. नमुना देण्याआधीच दोन वाजून औषध सुरू झाले असते तर माझा वंश तिथेच बुडाला असता आणि त्याच्या पोटात परत घालायला काही उरले नसते. पावणेदोनला एकदाचे जमले.

आम्हाला गाळून गोठवले. पाच आठवड्यांनी परत घरी सोडले, तर घर ओळखू येईना. अस्तर जागोजागी सोललेले, जुने शेजारी बेपत्ता आणि एकच दांडगा जंतू सगळीकडे हातपाय पसरून बसलेला. मिस्त्रीला ताप होता, जुलाब थांबत नव्हते, तो कोणाशी बोलत नव्हता. इतकी वर्षे मी त्याच्यावर चिडत आलो, पण त्या दिवशी मला रडू आले. मग मुकाट्याने कामाला लागलो. गोठण्यातून जे भाऊबंद वाचले होते तेही लागले.

अकराव्या दिवशी तो म्हणाला, “अगं, भूक लागलीय.”

बायकोने चमचा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि आधी नर्सला विचारायला धावली.

श्रेय बहिणीला आणि औषधांना मिळाले. ते मिळायलाच हवे. माझ्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. मित्रांनो, डॉक्टरांनी दिलेले औषध नीट घ्या, पण न विचारता उरलेल्या गोळ्या गिळू नका, एवढेच मागणे आहे. आणखी पुष्कळ बोललो असतो, पण नर्स हो म्हणाली आहे आणि वर पहिला घास तोंडात गेला आहे. तो इथे पोहोचायला उद्या उजाडेल. मी दारातच उभा आहे.