घोटा बुडेल इतका बर्फ

महाबळेश्वरी पर्जन्यमापकाची रोज सकाळी नोंद घेणारे जगन्नाथपंत, त्यांची करारी कन्या सुमित्राबाई, सुमित्राबाईंचा अमेरिकेत बेलव्ह्यूत घर करून राहिलेला मुलगा राजीव, आणि राजीवची लेक इला. मोजमापाचे वेड एक पिढी वगळून या घराण्यात उतरले होते, असे सुमित्राबाई अभिमानाने सांगत. वगळलेली पिढी म्हणजे राजीव, हे सांगायलाही त्या विसरत नसत.

इलाच्या प्रबंधाचा विषय होता शहरात बर्फ कुठे कसा साचतो, हा. बेलव्ह्यूत बर्फ दरवर्षी पडतोच असे नाही. मागचा हिवाळा कोरडा गेला होता. यंदाही हुकला असता, तर पदवी वर्षभर लांबली असती. म्हणून हिमवर्षावाचा अंदाज येताच तिने तीन ठिकाणी पांढऱ्या रंगाच्या सपाट फळ्या मांडल्या. एक कचेऱ्यांच्या पार्किंगमध्ये, एक देवदारांच्या राईत आणि एक घरामागच्या हिरवळीवर.

सुमित्राबाईंचा हा इथला पहिलाच हिवाळा. त्यांना लहानपणी बर्फाचे भारी अप्रूप. जगन्नाथपंतांनी शब्द दिला होता, “घोटा बुडेल इतका बर्फ तुला दाखवीन.” ते देणे राहून गेले. पुढे राजीवने ते अंगावर घेतले, पण आई यायची ती उन्हाळ्यात.

सकाळी सारे पांढरेशुभ्र झाले होते. इला राई आणि पार्किंग उरकून आली, मागचे दार उघडून हिरवळीवर गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. तिची फळी देवघरात होती. चारी कोपऱ्यांना कुंकवाची बोटे लावलेली, वर बाळकृष्ण विराजमान.

“आजी, तो माझा बोर्ड आहे.”

“पाट आहे तो. काल संध्याकाळी गवतात लोळत होता. पाट असा उघड्यावर टाकतात का?”

मग इलाने सगळे समजावून सांगितले. गवताची पाती बर्फाला उचलून धरतात, पट्टी नेमकी कुठे टेकली ते कळत नाही, म्हणून खाली सपाट फळी लागते. पार्किंगच्या उबदार डांबरावर बर्फाचा चिखल झाला होता. राईत फांद्यांनीच बर्फ वरच्यावर झेलला होता, खाली जेमतेम बोटभर. मोकळ्या हिरवळीचा आकडा नसेल, तर या दोन आकड्यांची तुलना कशाशी करायची? राजीव देवाकडे पाहत गालात हसत होता. आईने एक नजर टाकताच तो चहा करायला गेला.

सुमित्राबाई खिडकीशी गेल्या. चूक झाली असे म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. चूक निस्तरण्याची होती.

“माझ्या तुळशीचा चौथरा चालेल?”

थंडी पडताच तुळशीची कुंडी त्यांनी स्वतः घरात आणली होती. हिरवळीच्या मधोमध राजीवने ठोकलेला लाकडी चौथरा मात्र तिथेच होता. चांगला ऐसपैस, सपाट, जमिनीपासून जेमतेम दोन बोटे उंच. त्यावरच्या बर्फावर पाखराचेही पाऊल उमटले नव्हते.

“नोट्समध्ये तसं लिहावं लागेल. पण चालेल, आजी. पर्फेक्ट चालेल.”

राजीवचे बूट चढवून सुमित्राबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. इलाने चौथऱ्यावर पट्टी उभी रोवली आणि उभ्याउभ्याच आकडा वाचू लागली.

“वरून वाचू नकोस. गुडघे टेक, डोळा रेषेपाशी आण, मग बोल. तुझे पणजोबा असंच वाचायचे.”

इलाने गुडघे टेकले. “सोळा सेंटिमीटर.”

“परत वाच.”

“सोळाच, आजी.” इला उठली, हातमोजा काढून तिने हात पुढे केला. “आता तुम्ही या. खाली नुसतं गवत आहे, घसरणार नाही.”

सुमित्राबाईंनी नातीचा हात धरला आणि उजवे पाऊल बर्फात टाकले. ते चुरचुरत खाली गेले, आणखी खाली गेले. घोटा दिसेनासा झाला. त्यांनी डावेही टाकले, आणि कुणी कधी ऐकले नव्हते असे मोकळे हसल्या.

“राजीव,” दाराशी चहा घेऊन उभ्या असलेल्या मुलाला त्या म्हणाल्या, “माझ्या वडिलांचं देणं फिटलं. पुरेपूर फिटलं. तुझ्या लेकीनं फेडलं.”