बावीस मोटरींची एक डबी

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी खालच्या मळ्यातली डीपी, म्हणजे खांबावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडाली. उडाली म्हणजे आधी गुरगुरली, मग तिच्यातून काळं तेल गळलं, आणि शेवटी असा आवाज झाला की बांधावरचे बगळे थेट भीमेपलीकडे दौंड तालुक्यात जाऊन बसले. मांडवगण फराट्याच्या शिवारात यात नवल काहीच नव्हतं. खालच्या मळ्यात बावीस मोटरी आणि बावीस मोटरींना बावीस ऑटो स्विच. लाइट आली की माणसानं नदीपर्यंत जायला नको, मोटर आपली आपण चालू. सगळ्यांचीच आपली आपण, आणि सगळ्यांची एकाच सेकंदाला. बावीस जण एका दारातून एकदम आत घुसले तर दाराचं जे व्हायचं, ते वर्षातून दोनदा डीपीचं होत असे. त्यावर प्रत्येकाला एकच उपाय सुचत असे, तो म्हणजे बाकीच्या एकवीस जणांनी आपापले ऑटो काढावेत.

या वेळी मात्र सिंधूबाईला थांबायला वेळ नव्हता. तिच्या शेडनेटखाली उसाची तीस हजार रोपं ट्रेमध्ये उभी होती. आजवर तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना दोन-तीन हजार रोपं करून दिलेली, पण तीस हजारांची मागणी पहिल्यांदाच आली होती, तीही पाटसहून. तिथला मच्छिंद्र सऱ्या पाडून वाट बघत बसला होता. दोन आठवड्यांत रोपं चांगली निघून त्याच्या रानात उभी राहिली, तर पाटसकडच्या बागायतदारांत सिंधूबाईच्या रोपवाटिकेचं नाव होणार होतं. नाही राहिली, तरीही होणार होतं. ट्रेमधल्या रोपाला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं आणि फेब्रुवारीचं ऊन कुणाची वाट बघत नाही. गावातली दोन्ही डिझेल इंजिनं सोसायटीचे चेअरमन आनंदराव यांच्या उसाला आधीच जुंपलेली होती.

मंगळवारी ती आणि तिची सून प्रगती एसटीनं शिरूरला गेल्या. वीज कचेरीच्या आवारात पत्र्याखाली दोन डीप्या उभ्या होत्या. सिंधूबाईनं आत जाताजाताच त्या हेरून ठेवल्या. साहेब नवे होते, सत्यजीत नावाचे, वयानं तिच्या लेकाएवढे. हातात टॅब होता आणि आवाजातून अजून कॉलेज गेलं नव्हतं.

"मावशी, डीपी आहे," साहेब म्हणाले. "पण आता धोरण बदललंय. जळाली की द्यायची, दिली की पुन्हा जाळायची, हे बंद. आधी ऊर्जा कार्यक्षमता. प्रत्येक मोटरीला कपॅसिटर बसवा, ऑटो स्विच काढा आणि चालू मोटरीसकट फोटो अ‍ॅपवर टाका. बावीसच्या बावीस फोटो आले की तुमची डीपी सुटली."

"चालू मोटर?" प्रगती म्हणाली. "डीपीच न्हाई तर मोटर चालू हुईल कशी, सर?"

साहेबांनी टॅबकडे पाहिलं. टॅबला काही सांगता येईना. मग त्यांनी वर फोन लावला, वरच्यांनी आणखी वर लावला, आणि पाऊण तासानं उत्तर खाली आलं, की मोटर चालू असल्याचं गृहीत धरावं. साहेबांचा चेहरा खुलला. गृहीत धरलेल्या मोटरीइतकी कमी वीज खाणारी मोटर अजून कुठल्या कारखान्यानं काढलेली नाही.

तसं धोरण खोटं नव्हतं. कपॅसिटर म्हणजे पंजाएवढी डबी, स्टार्टरच्या शेजारी बसवायची. मोटर पाणी तेवढंच उपसते, पण डीपीवरचा भार हलका होतो. साहेबांनी कागदावर चित्र काढून दाखवलं आणि सिंधूबाईला ते पटलं. रोपांना एकदम बादली ओतायची की झारीनं घालायचं, हे जिला कळतं तिला हेही कळतंच. बुधवारी ती दौंडच्या बाजारात गेली, डबी घेऊन आली, वायरमन ज्योतिबाकडून बसवून घेतली आणि स्वतःचा ऑटो काढून कोनाड्यात ठेवला. अख्ख्या खालच्या मळ्यात धोरण पाळणारी ती एकटी निघाली, आणि त्याचाच पुढं सगळ्यांना उपयोग झाला.

संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर बैठक बसली. अध्यक्षस्थानी अर्थातच आनंदराव. त्यांना सगळा गाव आप्पा म्हणे. कुठलाही प्रश्न आप्पांकडे गेला की तो सुटत नसे, पण त्याचं वजन फार वाढत असे.

"त्या डबीनं पानी जादा येतं का?" एकानं विचारलं.

"न्हाई," सिंधूबाई म्हणाली.

"लाइट जादा वेळ ऱ्हाती?"

"न्हाई. पर डीपी गार ऱ्हाती."

"मग तिला काय करायचंय गार ठिवून? ती सरकारची हाय, आपली डबी आपल्याला घ्यायला लागतीय!"

ओटा खदखदून हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, म्हणजे आता विचार बाहेर पडणार हे सगळ्यांनी ओळखलं.

"साहेबांना पायजे काय? फोटो. आन् सिंधूताईकडं डबी हायच की. आज हिच्या मोटरीला, उद्या माझ्या, परवा त्याच्या. आपल्या गावात एकीच हाय तेवढी. लगीनघरातली सतरंजी फिरती का न्हाई घरोघर? तशी डबी फिरवू."

"आप्पा, आवं मग डीपीवरचा भार कमी कसा हुईल?" सिंधूबाईनं कळवळून विचारलं.

"फोटोत हुईल की," आप्पा म्हणाले. "मोजनारा तिथंच मोजनार हाय."

ती नाही म्हणून उठून आली. दोन दिवस ती आणि प्रगती नदीवरून कॅन भरभरून आणत राहिल्या. तीस हजार रोपं आणि दोन बायका, हिशेब कुठेच बसत नव्हता. शुक्रवारी दुपारी कडेच्या ट्रेमधली पानं सुतळीसारखी वळली. सिंधूबाईनं एक ट्रे उचलून बघितला, तो रिकाम्यासारखा हलका लागला. तिला गावाचा राग आला, आप्पांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन ती डबी सोडवून द्यायला स्टार्टरच्या पेटीकडे निघाली होती.

शनिवार-रविवार डबीची मिरवणूक निघाली. पहिला मान आप्पांचा. त्यांनी फेटा बांधला, मोटरीपुढं नारळ फोडला, डबीला झेंडूचा हार घातला आणि तीनदा फोटो काढायला लावला, कारण पहिल्या दोन फोटोंत आप्पा कमी आणि डबी जास्त दिसत होती. मग डबी ज्योतिबाच्या मोटरसायकलवरून पुढच्या बांधावर गेली. कुणी तिला दोन वायरी जोडल्या, कुणी नुसती टेकवून धरली, एकानं तर ती पाण्याच्या पाइपावर चिकटपट्टीनं लावली. ऑटो स्विचही प्रत्येकानं फोटोपुरता काढला आणि फोटो झाला की जागच्या जागी बसवला. रविवारी संध्याकाळी डबी सिंधूबाईकडे परत आली तेव्हा तिची एक वायर तुटली होती आणि अंगावर हळदीकुंकू होतं.

अ‍ॅप खूश झालं. बावीस कपॅसिटर, बावीस ऑटो बंद. त्यानं आपण होऊन गुणाकार केला, भागाकार केला आणि खालच्या मळ्याच्या नावापुढं हिरवं पान उगवलं. मंगळवारी सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून डीपी आली, खांबावर चढली. पाठोपाठ जीपमधून सत्यजीत साहेब आले, छोटा मांडव पडला, खुर्च्या आल्या. नवव्या दिवशी का होईना, वीज येणार म्हणून सिंधूबाईचा जीव भांड्यात पडला होता. तीस हजारांतली वीस हजार रोपं अजून हिरवी होती. मग तिनं वर पाहिलं.

"ज्योतिबा, ही ल्हान दिसतीय रं."

"ल्हानच हाय, काकू. आदी शंभरची व्हती, ही त्रेसष्टची," ज्योतिबा खालच्या आवाजात म्हणाला. "फ्यूज सारका उडाया नको म्हनून आप्पांनी करंगळीयेवढी तार घालाया लावलीय."

सिंधूबाई तशीच साहेबांकडे गेली.

"मावशी, तुम्ही लोकांनी कमाल केलीत!" साहेब म्हणाले. "बावीस कपॅसिटर म्हणजे एवढा भार कमी झाला, की मोठ्या डीपीची गरजच उरली नाही. तालुक्यात असा पहिला मळा. आणि खटका तुमच्या हातानं दाबायचा, महिला उद्योजक म्हणून. फोटो वर पाठवायचाय."

शंभरची डीपी ज्यांनी उडवली, तेच बावीस जण या त्रेसष्टच्या डोक्यावर बसणार होते. ती खुर्च्यांच्या ओळीतून फिरली, प्रत्येकापुढं हात जोडले. निदान आजच्या दिवस ऑटो काढा, पाळीनं मोटरी लावू, आधी तुम्ही घ्या, मी शेवटी घेते. प्रत्येक जण मनापासून हो म्हणाला. प्रत्येकाला खात्री होती की बाकीचे एकवीस काढणार आहेत, मग आपला एक राहिला तर काय बिघडतं? खुर्चीवरून मात्र कुणी उठलं नाही.

"आता सिंधूबाईंच्या शुभहस्ते," आप्पांनी पुकारा केला.

ती पेटीजवळ गेली. हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "साहेब, डबी एकच हाय. बावीस फोटो हायती, पर डबी माझी एकटीची फिरलीय. ऑटो सगळ्यांचे चालू हायती. ही डीपी टिकायची न्हाई. मोठी आना."

आप्पा फेट्याचा शेमला चाचपू लागले. सिंधूबाईला वाटलं, आता साहेब ओरडतील, डीपी उतरवतील, सगळ्या गावाच्या शिव्या आपल्याला बसतील. त्याची तिनं तयारी ठेवली होती.

साहेब ओरडले नाहीत. तिला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "मावशी, बावीस फोटोंत डबीवरचा नंबर एकच आहे, हे मला परवाच दिसलं. पण तोवर बचतीचा आकडा वर गेला होता. वरून आणखी वर गेला. आता तो खाली कसा आणायचा, त्याची अ‍ॅपमध्ये सोयच नाही."

"आन् माझी रोपं?"

साहेबांनी टॅबवर खालपर्यंत बोट फिरवलं. रोपांचा रकाना नव्हता.

सिंधूबाईनं खटका दाबायला नकार दिला. त्यानं कार्यक्रमाला काही बाधा आली नाही. आप्पा पुढं झाले, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि त्यांनी खटका दाबला. त्याच सेकंदाला शिवारातून बावीस मोटरी एका सुरात घुमल्या. नव्हे, एकवीसच. बाविसावी सिंधूबाईची होती आणि तिला ऑटो नव्हता. प्रगती पळत मोटरीकडे गेली, तोवर आप्पांचं भाषण सुरू झालं. बचत ही आपल्या रक्तात आहे, आमच्या वाडवडिलांनी एका कंदिलावर चार पोरं शिकवली, असं ते सांगत होते. वाडवडिलांच्या कंदिलापासून ते सौरऊर्जेपर्यंत पोहोचले तेव्हा वर खांबावर गुरगुर सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या एकाच्या पांढऱ्या टोपीवर काळं तेल ठिबकलं. त्यानं वर पाहिलं आणि खुर्ची सोडली. मग सगळ्यांनीच सोडली. करंगळीएवढी तार इमानानं टिकली, डीपी टिकली नाही. शेडनेटमधल्या फवाऱ्यांना पाणी पोहोचलं होतं जेमतेम सहा मिनिटं.

धूर विरल्यावर साहेबांनी रुमालानं टॅब पुसला. सगळ्यात आधी त्यांनी आप्पांना धीर दिला, की नवीन डीपीला आता वेळ लागेल, पण काळजी नको, तोपर्यंतचा वापर शून्य धरला जाईल आणि महिन्याची बचत आणखी वाढेल. आप्पांनी मान डोलावली. त्यांची इंजिनं भीमेवर फटफट वाजत होती.

चार दिवस सिंधूबाई आणि प्रगती कॅन वाहत राहिल्या. पाचव्या दिवशी दोघींनी ट्रे बाहेर काढून ओळीनं मांडले. पिवळ्याचा ढीग शेडच्या दारापर्यंत आला. हिरवी निघाली तीन हजार. प्रगती रडली. सिंधूबाई रडली नाही, तिनं हात धुतले आणि पाटसला मच्छिंद्रला फोन लावला, कारण सऱ्या पाडून बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं तिच्यानं होईना.

"दादा, रोपं गेली. तीन हजार ऱ्हायलीत, तेवढी न्या. बाकीच्यांसाठी दुसरीकडं बघा."

"आवं, पण मावशी, गेली कशानं? रोग पडला का?"

"न्हाई. गावानं वीज वाचवली."

मग मच्छिंद्र म्हणाला, "आमच्याकडं बी सोमवारी त्याचीच सभा हाय. तुमच्या गावचे आनंदराव येनार हायती, अनुभव सांगायला."