नितळ

काचेच्या बरणीच्या तळाशी नखाएवढा तांबूस थर बसला होता... नेत्साईने बरणी हलवली, पाणी पुन्हा गढूळलं. बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरायचंच — मातीचं धरण, आजोबांच्या वेळचं, पाझरणार नाही तर काय — आणि बावीस वर्षं ती रोज सकाळी तो पाझर मोजत आली होती. पण नितळ पाझर म्हणजे धरणाला नुसता घाम आलाय आणि गढूळ म्हणजे ते आतून पोखरलं जातंय, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

अकरा दिवस ती वहीत 'नितळ' लिहीत होती. गाळ पहिल्यांदा दिसला तेव्हा तिने इंजिनिअर चिमुकांना फोन केला, तर ते हसले.

"अगं मावशी, ऐन ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्यात तलाव रिकामा करू? गाव आधी मला खाईल, मग तुला. पुढच्या महिन्यात पाऊस लागला की बघू. तोवर नितळ लिही."

तिने लिहिलं. आणि एकदा लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळं काय म्हणून लिहायचं?

बाहेर गाडी थांबली. राजधानीहून तपासनीस बाई आल्या होत्या; मागे चिमुका. नेत्साईने बरणी चौकीच्या खोलीतच दाराआड ठेवली आणि ती बाहेर गेली. बाईंनी वाकून पाझराचा चर पाहिला. वाहताना पाणी स्वच्छच दिसतं. तासभर बरणीत ठेवलं, तरच...

"दिसतंय तर चांगलं. पण तुम्ही रोज बघता, नेत्साईताई. खरं कसं असतं?"

सांगावं — आत्ताच — पण मग ती अकरा दिवसांची अक्षरं कुणाची? माझीच. चिमुकांची सही आहे कुठे त्यात?

"नितळ असतं, मॅडम."

बाईंनी तसं टिपून घेतलं. गाडी गेली.

दुपारी ती धरणाखालच्या वस्तीत बहिणीकडे जेवायला गेली.

"अशी दारात काय बसतेस पाहुण्यासारखी?" शुवाईने मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा आणि पालेभाजी पुढे ठेवली. "आत ये की!"

"इथंच बरं आहे गं."

आतल्या खोलीत शुवाईची सासू खोकत होती — पाणी आलंच तर तिला उचलायला दोघं तरी लागतील. आणि शुवाईचे गुडघे हे असे. टेकडी इथून चारशे पावलं, छे, जास्तच... रस्त्याने जाणारे हाक मारत होते, नेत्साई प्रत्येकाला हसून ओ देत होती, आणि दर वेळी तिची नजर चेहऱ्यावर न थांबता खाली, त्यांच्या पायांकडे जात होती.