ओझ्याची गाठ

दिवाळी झाली की आम्ही हिर्डोशीचे धनगर मेंढरं घेऊन वरंधा घाटानं कोकणात उतरतो. तिथं भाताच्या रिकाम्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात भात घ्यायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. तिथली बोली वेगळी, पाणी वेगळं. आमच्या लेखी तो परमुलूखच. स्वराज्य येऊन दहा वर्षं होत आली, तरी आमची यष्टी म्हणजे एक घोडं. सगळा संसार त्याच्या पाठीवर.

घोडं लादायचं काम माझ्या सासूचं, आक्काबाईंचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंची कसोटी एकच: वस्तू दोन कामांची नसेल तर ती घरी राहील. कुऱ्हाड फांद्या तोडायची आणि उलटी धरून मेखाही ठोकायची. हळद कालवणाला आणि मेंढराच्या जखमेला. माझा आरसा मात्र दर साली बाहेर. "त्वांड बघून प्वाट भरतंय व्हय?" म्हणायच्या.

त्या साली त्यांना दम लागायला लागला होता. निघायच्या सकाळी आमचे धनी, म्हादू, म्हणाले, "आये, औंदा तू हितंच ऱ्हा. घाट झेपायचा न्हाई तुला." आणि लगेच पुढं म्हणतात कसे, "तेवढं घोडं लादून दे. तुझ्यावानी कुनाला जमत न्हाई."

पुरुषांचा जीव मेंढरांत, त्यांना काय कळणार! आमच्यात ज्या बाईनं ओझ्याची गाठ बांधली, तिनंच ती मुक्कामाला सोडायची. दुसऱ्या कुणी सोडली तर कळपाला बाधा होते म्हणतात. धनी विसरले, पण आत्याबाई कशाला विसरतील? मेंढरं कोंडायचं जाळं त्यांनी खाली घातलं, त्यावर घोंगडी, मडकी, मीठ, दाभण, सुतळी, सगळ्यात वर कोंबड्यांची पाटी. मग दोर फिरवून गाठ आवळली. मी बघत होते. त्या राहणार म्हणून मला आधी बरंच वाटलं होतं. आता ओझं माझ्या हाती येणार होतं. पण त्यांचं तोंड बघितलं आणि मला भरून आलं.

"आता ही गाठ कोन सोडंल, म्हाद्या?" त्यांनी विचारलं.

धनी चिडले, घोड्याभोवती दोनदा फिरले. दोराला हात लावायची छाती काही झाली नाही. "चल मंग," म्हणाले.

आत्याबाई खिंडीपर्यंत चालल्या. कुणाचा हात धरला नाही. खिंडीत दगडावर बसल्या, तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. खाली कोकण दिसत होतं. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

मग उठून त्यांनी आपली गाठ आपल्या हातानं सोडली.

"सोजरा, बांध."

मी बांधली. त्यांनी दोर ओढून बघितला, हिसका दिला, पुन्हा ओढला. गाठ हलली नाही.

आमच्या गावातली ठकुबाई गवताचा भारा घेऊन गावाकडं परत निघाली होती. आत्याबाईंनी पदर खोचला आणि तिला हाक मारली, "थांब गं, म्या बी येते."

"आये, आता का?" धन्यांचा आवाज फुटला. "घ्येऊन आलो न्हवं तुला?"

"तू न्हाई आनलंस, माजी म्या आले." त्यांनी धन्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "आईला मागं टाकून आलो, आसं कोकनात कुनाला सांगू नगंस. म्या तुमास्नी पोचवाया आले हुते."

धन्यांना पुढचं काही दिसेना. घोड्याचा दोर मी हातात घेतला आणि घाट उतरायला लागले.