डावीकडची चकती

चकती डाव्या तळहातावर होती, बशीएवढी, मधोमध भोक, कडेचा काळा रंग खरवडून गेलेला — आणि एवढीशी वस्तू धरून आपण पाच महिन्यांनी या जिममध्ये उभ्या आहोत याचं तिला खरं तर हसू यायला हवं होतं, पण ते येत नव्हतं. सव्वा किलो. एक या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये वीस किलोचा बार, फिजिओथेरपिस्ट मुलीने कागदावर एवढंच लिहून दिलं होतं, दहा वेळा, त्याहून जास्त काही नाही, "आणि दुखलं तर लगेच थांबायचं हं, काकू." काकू! याच बाकावर उताणं पडून या काकूने छातीवरून साठ किलो वर ढकलले होते... साडेबासष्टला मात्र डाव्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं, आणि मग बार कोचने उचलला आणि तिला नवऱ्याने.

डाव्या हातातली चकती उजवीपेक्षा जड वाटत होती. पण त्यात नवल ते काय, त्या हाताला पाच महिने कंगवासुद्धा जड वाटत होता. तिने ती बारला डावीकडे चढवली, दुसरी उजवीकडे, क्लिपा लावल्या. या जिममधल्या चकत्या तीन ठिकाणांहून गोळा केलेल्या, कुणाचा आकार कुणाला जुळत नाही, आणि आकडे इतके बारीक की चष्म्याशिवाय नुसते ठिपके दिसतात. चष्मा तिने आल्याआल्याच काढून बाहेरच्या बुटात ठेवला होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना बजावत राहायचं, जवळचं बघताना चष्मा लावत जा, आळस करू नका... आणि स्वतःचा बुटात!

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की सून आज 'त्या लोखंडाकडे' परत चाललीये. सकाळी दोघी नेहमीप्रमाणे बेडरूमच्या भिंतीपुढे उभ्या होत्या. बोटांनी भिंतीवर चढत जायचं, जिथे हात थांबेल तिथे पेन्सिलने खूण करायची, हा व्यायाम खरं म्हणजे तिला दिलेला. पण सासूबाईंचाही खांदा आखडलेला, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्या "सर जरा" म्हणून शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून भिंतीवर दोघींच्या खुणा शेजारी-शेजारी वर सरकत होत्या. तिच्या आडव्या, सासूबाईंच्या फुल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई रोज बोटभर पुढे.

"टाचा, आई, टाचा! उचलायच्या नाहीत."

"टाचा माझ्या आहेत. तू तुझा हात बघ." मग फुली मारून, पेन्सिल तिच्या हातात देत, अगदी सहज बोलल्यासारखं, "तो तुझा कमरेचा पट्टा... तसा पडूनच असतो ना? माझ्या पाठीला बरा पडेल."

तिसऱ्यांदा विचारलं होतं त्यांनी. वजन उचलताना बांधायचा जाड चामड्याचा, दोन कड्यांचा पट्टा, नऊ वर्षं वापरून तिच्या पोटाच्या आकाराला वळलेला... स्वयंपाकघरात तो बांधून भाजी चिरणाऱ्या सासूबाई तिच्या डोळ्यांपुढे आल्या होत्या, आणि हसू यायच्या ऐवजी डोळे भरून आले होते. तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. आज बार सरळ वर गेला तर पट्टा माझा. वाकडा गेला तर संध्याकाळी सासूबाईंच्या पलंगावर नेऊन ठेवायचा, आणि यापुढे नवऱ्याबरोबर फिरायला जायचं, हळूहळू, झाडं बघत.

ती बाकावर आडवी झाली. छत तेच होतं. बार सुटला... खाली... छातीला टेकला... वर. दुखलं नाही. दुखेल म्हणून आवळलेले दात तसेच राहिले आणि दुखलंच नाही. पण उजवा हात सरळ झाला तरी डावा अजून वाटेतच. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. दहा कुठले, चौथ्यालाच तिने बार मागे नेला, आणि खांबांवर ठेवताना आधी उजवीकडे टण् झालं, मग, एक श्वास सोडून, डावीकडे टण्. दोन आवाज. नऊ वर्षं एकच यायचा.

"डावी बाजू मागे राहतेय, ताई," पलीकडून कोच म्हणाला. तिच्या भाच्याच्या वयाचा. "होतं असं. घाई नका करू."

"नाही सर," ती म्हणाली, आणि उठून बसली, आणि बसूनच राहिली. संपलं तर. झाडं बघत. नवरा फार प्रेमाने झाडांची नावं सांगतो, आणि चुकीची सांगतो. या खांद्याला मी काय कमी केलं? बर्फ दिला, शेक दिला, दुसऱ्या कुशीवर झोपायला शिकले, आणि हा... हा सासूबाईंच्या खांद्याइतकाही बरा झाला नाही! तिला त्याचा राग आला, रस्त्यात हात सोडून पुढे निघून गेलेल्या माणसाचा यावा तसा, आणि रागाच्या भरातच तिने क्लिपा काढल्या, दोन्ही चकत्या ओढून काढल्या, दोन्ही एकाच हातात, उजव्या, आणि त्या जागेवर ठेवायला निघाली.

दुपारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले होते, नवाकोरा चष्मा वाकडा बसतो म्हणून तक्रार घेऊन, तावातावाने. तिने चष्मा काचेच्या काउंटरवर उलटा ठेवून दाखवला होता, बघा, चारी ठिकाणी टेकतोय, हा सरळच आहे, काका. तुमचा एक कान वर आहे. "सत्तर वर्षांत मला असं कुणी बोललं नाही," ते म्हणाले होते. तिने दांडी गरम करून जराशी वाकवली, आणि चष्मा छान बसला. आधी वस्तू टेबलावर ठेवून बघायची, मग माणसाच्या चेहऱ्यावर जायचं... एकवीस वर्षं हेच तर...

ती थांबली. एका चकतीनंतर दुसरी, अशा तिने उजव्या हातात तोलून पाहिल्या. या हाताला तर काही झालेलं नव्हतं. मग बुटापाशी जाऊन तिने चष्मा काढला, लावला. एकीवर सव्वा. दुसरीवर, डावीकडच्या, मी स्वतः माझ्या हाताने चढवलेल्या, अडीच.

ती इतक्या मोठ्याने हसली की कोचने वळून पाहिलं. "काय झालं, ताई?" काय सांगणार? की चष्मेवालीला आकडा दिसला नाही? की मोडका म्हणून ज्याला मघापासून शिव्या देतेय त्याने बिनबोभाट दुप्पट चकती उचलली, आणि मी त्याच्यापायी पट्टासुद्धा मनातल्या मनात देऊन टाकला? "काही नाही, सर. नंबर वाढलाय," ती म्हणाली. डाव्या खांद्यावर तिने उजवा हात ठेवला. चुकलं माझं, असं तिला त्याला खरोखरच म्हणावंसं वाटलं, पण आजूबाजूला माणसं होती.

सव्वा इकडे, सव्वा तिकडे. या वेळी तिने दोनदा वाचून चढवल्या, आणि चष्म्यासकटच आडवी झाली, तेव्हा तो घसरून कपाळावर गेला. आणि मग तिला मघापेक्षा जास्त भीती वाटली... कारण मघाशी निदान चकती तरी चुकलेली होती. आता वाकडा गेला तर काय टेबलावर ठेवून बघणार? आता सगळं सरळ आहे; आता फक्त मी आहे. तरी बोटं आपोआप बारवर जाऊन बसली, आधी डावी, आणि खांद्याला विचारायचं राहूनच गेलं, हे तिला जरा उशिराच कळलं. गेले पाच महिने बाटलीचं झाकण उघडतानासुद्धा तिने त्याला विचारलं होतं.

दुपारचे ते गृहस्थ दुकानातून जाताना आरशात कितीतरी वेळ बघत होते, एक कान वर, एक खाली, आणि बेहद्द खूश.

पट्टा मिळायचा नाही, आई. एक टण् होवो, नाहीतर दोन होवोत. फुल्या मारा तुम्ही खुशाल, छतापर्यंत मारा... तिने श्वास आत घेतला, धरून ठेवला, आणि बार अजून खांबांवरच होता.