पुजलेला पुलर

हातात हत्यार आलं आणि माणूस सुधारला, असं शहाणे लोक सांगतात. ते खंडेनवमीला कधी रबाळ्यात आले नसावेत.

दिवाळे गावचा ज्ञानू होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्याकडे बापाने गोदीतून आणलेला एक पुलर होता. खेकड्यासारख्या तीन नांग्या आणि मधोमध जाड स्क्रू. शाफ्टवर गंजून बसलेली पुली नांग्यांत धरायची, स्क्रू पिळायचा, की ती किडक्या दाढेसारखी उपटून येते. अंगावर इंग्रजी अक्षरं होती, म्हणून घरात त्याला 'विलायती' म्हणत आणि देवाच्या खालोखाल मानत. मागच्या खंडेनवमीला पुलर साडूकडे राहिला, पूजा चुकली, आणि पुढे ज्ञानूचा डावा अंगठा फॅनबेल्टने नेला. औंदाही पुलर घरच्या पाटावर नसला, तर उजवा जाणार, याबद्दल ज्ञानूला शंका नव्हती.

साडू म्हणजे जयप्रकाश. रबाळ्यात त्याचं टेम्पोचं गॅरेज. दोन दिवसांसाठी म्हणून नेलेला पुलर त्याच्याकडे दुसरं वर्ष काढत होता.

चौऱ्याण्णवच्या खंडेनवमीला ज्ञानू एम-एटी मोपेडवरून रबाळ्याला पोचला, तर तिथली पूजा उरकलेली. पाटावर पाने, पक्कड, कानशी, हातोड्या ओळीने मांडलेल्या, वर झेंडू, हळदकुंकू, आणि मधोमध, मानाच्या जागी, विलायती. ज्ञानूने हात पुढे केला. जयप्रकाशने तो धरला आणि गंभीरपणे सांगितलं, की पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत जागचं हलवत नाहीत. तू कारागीर माणूस, तुला हे मी शिकवायचं?

"पुलर माज्या बापाचा हाय," ज्ञानू म्हणाला.

"बापाचा असंल. पूजा माजी हाय."

ज्ञानूने त्याच्या तोंडावर बुक्की मारली.

हाताने जेवढं होतं तेवढं झालं. जयप्रकाशचा दात त्याच्याच ओठातून बाहेर आला, ज्ञानूच्या बरगडीत काहीतरी वाजलं. मग दोघांची नजर पाटाकडे गेली. पुजलेल्या हत्याराने काम करायचं नाही, एवढंच शास्त्र सांगतं. साडूचं डोकं फोडणं कामात धरतात का, यावर ते गप्प आहे.

जयप्रकाशने रिंग पाना उचलला. हा पाना नटाला सगळीकडून धरतो, घसरत नाही. ज्ञानूच्या डाव्या मनगटावरही घसरला नाही; हाड कट्कन मोडलं. ज्ञानूने कानस ओढली. लोखंडाचा खरबरीतपणा कानशीने जातो, गालाला मात्र येतो. जयप्रकाशच्या गालाची कातडी झेंडूच्या पाकळ्यांत जाऊन पडली. त्याने पक्कड घेतली, ज्ञानूच्या कानाला लावली आणि जाम झालेला बोल्ट फिरवतात तशी फिरवली.

"कान सोड, भाडखाव."

"तू पाट सोड आदी."

कान सुटला, पण अर्धा पकडीतच राहिला. तेवढ्यात ज्ञानूच्या उजव्या हाताला पुलर लागला. पहिला घाव जयप्रकाशच्या खांद्यावर बसला आणि खांदा एका बाजूला उतरला. दुसरा डोक्यासाठी होता. पण जयप्रकाश मटकन खाली बसला आणि पुलर मागच्या ऐरणीवर आदळला. ज्ञानूने मागे पाहिलंच नाही. पुलर शर्टात गुंडाळून, एम-एटी तिथेच सोडून तो रस्त्यावर आला. रिक्षावाल्याने आधी सीटवर पेपर अंथरला, मग त्याला बसू दिलं.

घरी चंद्राबाई पाट मांडून बसली होती. नवऱ्याचा अवतार बघून तिने विचारलं, "कोन मेला?"

"कोन नाय. हे ठेव आदी. मंग दवाखान्यात."

तिने शर्ट सोडला, पुलरवरचं रक्त धुतलं आणि नांग्या मोजल्या. दोनच होत्या.

"मोडलेलं पुजत नाय," ती म्हणाली.

ज्ञानूने तुटलेली जागा उजेडात धरली. पोलाद तुटण्याआधी वाकतं. हे बिस्किटासारखं तुटलं होतं, आत करडं आणि दाणेदार; म्हणजे पोलाद नव्हे, स्वस्तातलं ठिसूळ बीड. कानातून रक्त गळून पाटावर पडत होतं, ते चंद्राबाई पुसत होती.

दसरा झाल्यावर भंगारवाल्याने विलायती ओतीव बिडाच्या भावात नेला.